ऑफिसात स्थळाची चौकशी आली तर किती सांगायचं?

मस्टरवाली

तुळशीचं लग्न लागलं की कारखान्यात हजेरी-पाळ्या बघणाऱ्या टाईम ऑफिसचा फोन जरा जास्तच वाजायला लागतो. "तुमच्याकडे क्वालिटीत अमुक आडनावाचा मुलगा आहे ना? नाही, आपलं सहज, घरचंच काम होतं." घरचं काम म्हणजे स्थळ. नाशिकचं सातपूर असो, अंबड असो की सिन्नरची माळेगाव वसाहत, रीत एकच. आधी फोन, तिथे दाद लागली नाही तर पहिली पाळी सुटायच्या वेळी गेटवर दोन काका आणि त्यांची मोटरसायकल.

विचारणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात. कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडे, हातात किती पडतात, पिणं-बिणं आहे का, आणि कुठे काही 'भानगड' आहे का. यातली पहिली सोडून बाकी तीन कंपनीने सांगायच्या नाहीत, आणि पहिलीसुद्धा फोनवर नाही. पलीकडे कोण बोलतंय हेच मुळात कळत नाही. थकलेल्या हप्त्यांचा वसुलीवाला, पिच्छा न सोडणारा जुना मित्र, दुसऱ्या कंपनीसाठी माणसं पळवणारा एजंट, सगळ्यांना ठाऊक असतं की 'स्थळ' म्हटलं की आपली माणसं विरघळतात. मग कोणत्या पाळीला असतो, कोणत्या बसने येतो, कुठल्या स्टॉपवर उतरतो, सगळं चहा थंड व्हायच्या आत सांगून झालेलं असतं.

ठरवून ठेवायचं वाक्य असं: "आम्ही फोनवर कोणाचीच माहिती देत नाही. त्यांच्याकडूनच ओळखपत्र आणि पगाराची स्लिप बघून घ्या." सगळा भार 'कोणाचीच' या शब्दावर आहे. पुढे "तुमचं नाव, नंबर द्या, निरोप देते" म्हणायचं, आणि निरोप खरंच द्यायचा, त्याच दिवशी, एकट्यात गाठून. लाईनवर सगळ्यांसमोर "अरे, तुझी चौकशी आली होती" केलं की जेवणाच्या सुटीत पोरं पेढे मागतात, आणि जमलं नाही तर पुढचे सहा महिने टोमणे.

तुमच्याकडे काय पद्धत आहे, आणि कुठे गळतं, ते लिहा.

गोदाकाठ

वाक्य चोख. पण नऊ जणांबद्दल "सोन्यासारखा मुलगा" म्हणायचं आणि दहाव्याच्या वेळी "आम्ही माहिती देत नाही" म्हणायचं, म्हणजे दहाव्याचं सगळं सांगून झालं. त्यामुळे चांगल्या मुलाचं चांगलंही सांगायचं नाही. हेच जमत नाही, कारण कौतुक करताना आपण काही फोडतोय असं कोणाला वाटतच नाही. सुराचंही तेच. "अं… तसं काही सांगता यायचं नाही" यातला 'अं' स्थळ मोडायला पुरतो.

तिसरी_पाळी

फोन सोडा, गेट बघा. टेबलावर सुतळीने बांधलेलं बॉलपेन आणि रेघा मारलेलं रजिस्टर. नाव, गाव, कोणाला भेटायचं, काम, मोबाइल, आत, बाहेर, सही. 'काम' या रकान्यात काका सरळ 'स्थळ' लिहितात, बाजूला मुलाचं किंवा मुलीचं पूर्ण नाव. त्यानंतर येणारा प्रत्येक ड्रायव्हर, कुरिअरवाला, भंगारवाला सही करताना वरच्या दहा ओळी वाचतो. वाचायला दुसरं असतं काय तिथे?

उपाय स्वस्त आहे. रजिस्टर बंद करून कार्बनचं स्लिपबुक ठेवा, एका पानावर एकच पाहुणा; वरची चिठ्ठी पाहुण्याकडे, प्रत पुस्तकात. रजिस्टरच ठेवावं लागत असेल तर जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच कापा आणि तो पानावर सरकवत चला, भरायची ओळ तेवढी दिसेल. 'काम' रकान्यात लिहायला लावू नका, 'कंपनीचं' आणि 'खासगी' असे दोन चौकोन पुरेत. भरलेली रजिस्टरं रद्दीवाल्याला जातात, ती फाडून द्या. शेकडो मोबाइल नंबर असतात त्यात.

गळतीच्या आणखी दोन जागा. बसच्या पुढच्या काचेला चिकटवलेली यादी, नाव, स्टॉप, मोबाइल सगळं असलेली. ड्रायव्हरला कोणत्या स्टॉपवर किती माणसं एवढा आकडा लागतो, नावं नाहीत. नंबर पाळीच्या कोऑर्डिनेटरकडे असले की झालं. दुसरी, टाईम ऑफिसच्या काचेवर बाहेरच्या बाजूला तोंड करून लावलेली ओव्हरटाइमची यादी. ती कुणाच्या घरात जास्तीचे किती येतात हे गावभर सांगते.

पंचवटीचे_काका

लिहिता सगळे छान. पण मुलीचा बाप निफाडहून एसटीने येतो, गेटवर उन्हात उभा राहतो. मुलगा पिऊन मशीनवर उभा राहतो हे अख्ख्या लाईनला माहीत आहे, आणि त्या बापाला तुम्ही "माहिती देत नाही" म्हणून वाटेला लावणार? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न असतो. तुमचा तो खासगीपणा तिथे नेऊन काय करायचाय?

मस्टरवाली

काका, मुद्दा खोटा नाही. पण त्या खुर्चीत बसलेल्याकडे माहिती दोन वाटांनी येते, आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. मेमो, रजेची कारणं, गेटवरच्या दारू तपासायच्या यंत्राची नोंद, पगार, कर्जाची कपात, हे सगळं नोकरीमुळे हाताखालून जातं. ते कोणालाच नाही, सख्ख्या आत्याला सुद्धा नाही. शेजारी म्हणून, ओळखीचा म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असेल तर ते ज्याचं त्याने ठरवावं, मात्र कंपनीच्या फोनवरून नाही, कंपनीचं नाव घेऊन नाही. आणि "अख्ख्या लाईनला माहीत" यातले प्रत्यक्ष बघितलेले किती, ते मोजून बघा. बहुतेक वेळा एक निघतो, कधी तोही नाही.

त्या बापाला रिकाम्या हाताने पाठवू नका, हे पटलं. त्याला काय बघायचं ते सांगा. पगाराची एक स्लिप नाही, सलग तीन महिन्यांच्या. एकाच महिन्याची असेल तर ती नेमकी बोनसची किंवा भरपूर ओव्हरटाइमची निघते. वर्षाचा एकूण आकडा हवा तर फॉर्म १६. रोलवर की ठेकेदाराकडे हे बघायला पीएफचं पासबुक सगळ्यात सरळ, त्यावर आस्थापनेचं नाव असतं. अंगावर कंपनीचा शर्ट आणि पासबुकावर लेबर कॉन्ट्रॅक्टरचं नाव, असं निघालं तर उत्तर मिळालं. पासबुकातल्या कपातीवरून पगार मात्र काढू नका. बऱ्याच ठिकाणी १५,००० च्या मर्यादेवरच १२ टक्के कापतात, म्हणजे पगार ४० हजार असला तरी कर्मचाऱ्याच्या हिश्शात दरमहा १,८०० च दिसतात. हे सगळं मुलाने स्वतःच्या मोबाइलवर उघडून दाखवायचं. ओटीपी किंवा पासवर्ड मागणारं स्थळ असेल तर उठून यावं.

आणि हे मुलाकडच्यांनाही लागू. मुलगी कमावती असली की तिच्या ऑफिसात जास्त बारकाईने विचारतात.

वकीलीण_सीबीएस

कायद्याचं थोडक्यात मांडते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. रोजच्या कामाला त्याहून जवळचा आहे तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मालकावरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला त्यात वेगळी संमती लागत नाही. पगार काढणं, पीएफ भरणं हे नोकरीचं काम. स्थळाला उत्तर देणं नव्हे. माहिती नीट जपली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे; छोट्या वर्कशॉपला कोणी तेवढा लावणार नाही, पण मालकाला एकदा हा आकडा वाचून दाखवला की स्लिपबुकाचे पैसे लगेच मंजूर होतात.

काकांसाठी: बदनामीला लेखी कागदच लागतो असं नाही, तोंडी बोललेलंही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतं. कोणाच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने सांगितलं असा बचाव आहे, पण तो सिद्ध करायचं ओझं सांगणाऱ्यावर. "सगळे म्हणतात" यावर तो उभा राहत नाही.

वसुलीवाल्यांबद्दल: रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करता येत नाही, आणि त्याच्या नातेवाइकांच्या, मित्रांच्या, संदर्भ दिलेल्यांच्या खासगीपणात घुसता येत नाही. गृहकर्जाच्या पडताळणीला बँकेचा माणूस येतो ते वेगळं, तिथे कर्मचाऱ्याने अर्जात सही दिलेली असते. तरी बँकेचं पत्र मागा, कर्मचाऱ्याला विचारा, आणि हुद्दा व रुजू तारीख यापुढे तोंडी जाऊ नका.

झेडपी_बाबू

सरकारी खात्यांत जरा उलटं आहे, म्हणून लिहितो. जिल्हा परिषद, महापालिका, नाशिकरोडची नोट प्रेस, इथे पगार ही गुप्त गोष्टच नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. त्यामुळे "साहेबांना किती पडतात" याचं उत्तर बघायला मिळतं. पण मेमो, कारणे दाखवा नोटीस, मालमत्तेचं विवरण, आयकर विवरण हे वैयक्तिक माहितीत मोडतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितलं. व्यापक जनहित दाखवलं तरच मिळायचं, आणि नव्या डेटा कायद्याने वैयक्तिक माहितीबद्दलचं ते कलम आणखी आवळलं आहे. जावई निवडणं हे व्यापक जनहित नाही, सासऱ्याला कितीही वाटलं तरी.

जाळ्यातला

कोणी कंपनीत फोन करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप चाळून झालेलं असतं. म्हणून सेटिंग.

प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि अबाउट 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' वर ठेवा. स्टेटसची प्रायव्हसी वेगळी असते, ती निराळी बदलावी लागते, इथेच लोक चुकतात. सहलीचे फोटो टाकताना साहेब आणि पाळीचा ग्रुप वगळायचा असेल तर स्टेटसमधली नावं तपासा. 'ग्रुप्स' मध्ये कोणाला आपल्याला ग्रुपात घालता येईल ते मर्यादित करा. वाढदिवसाच्या ग्रुपात तीनशे अनोळखी लोकांना तुमचा नंबर मिळतो.

ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर मोबाइलमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये जाऊन रोज लॉगआउट. ब्राउझर बंद केला म्हणजे झालं असं नाही, पुढच्या पाळीचा माणूस उघडेल तेव्हा गप्पा तिथेच असतात.

ऑफिसच्या वायफायवर आयटीवाल्याला साधारण साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर नाही. पण कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीने स्वतःचं डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्र टाकलेलं असेल तर मजकूरही वाचता येतो. म्हणून विवाहनोंदणीची साइट, डॉक्टरचे रिपोर्ट, दुसऱ्या नोकरीचा अर्ज, हे कंपनीच्या यंत्रावर नाहीच. स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर कंपनीने वर्क प्रोफाइल टाकलं असेल तर त्या अ‍ॅपांवर छोटी ब्रीफकेस दिसते. कंपनीचा हात तेवढ्यापुरता, पुसलं तरी तेवढंच पुसतं. पूर्ण फोनच कंपनीच्या ताब्यात देणारी पद्धत स्वतःच्या फोनवर घेऊ नका. हजेरीच्या अ‍ॅपला लोकेशन 'अ‍ॅप वापरताना' एवढंच द्या, 'नेहमी' नको. नेमकं लोकेशन बंद केलंत तर मात्र गेटच्या आत असूनही हजेरी लागत नाही, मग टाईम ऑफिसशी भांडू नका.

कॉलेजरोड_७

दोन प्रश्न. एक, दोघं एकाच विभागात आहेत आणि जमलंय, तर एचआरला सांगणं बंधनकारक आहे का? दोन, साहेबच हाताखालच्या मुलीला आपल्या भाच्याचं स्थळ सुचवत असतील तर काय करायचं? नाही म्हटलं तर अप्रेझल, हो म्हटलं तर आयुष्य.

वकीलीण_सीबीएस

पहिलं: असा कोणताही कायदा नाही. दोन सज्ञान व्यक्तींचं नातं कंपनीला कळवायची सक्ती नेमणूक पत्रात किंवा आचारसंहितेत असेल तरच, म्हणून ते कागद आधी वाचा. एक जण दुसऱ्याचा रिपोर्टिंग साहेब असेल, किंवा एकाची बिलं दुसरा पास करत असेल, तर सक्ती नसली तरी कळवावं. अर्जात दोनच ओळी: "आमच्यात वैयक्तिक संबंध असल्याने माझ्या कामाचं मूल्यमापन व मंजुरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी." कधीपासून, घरी माहीत आहे का, लग्न कधी, जात कोणती, हे विचारलं तरी लिहायचं नाही. बदली करायची झाली तर कंपन्या सवयीने मुलीची करतात. बदल रिपोर्टिंगमध्ये मागा, जागेत नको.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर नोटीस नाव-पत्त्यासकट विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लागते आणि हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते. ऑफिसात सांगितलेलं नसेल तर आधी हा हिशेब करा.

दुसरं: नुसतं स्थळ सुचवणं हा छळ नाही. एकदा नकार दिल्यावर पुन्हा पुन्हा विचारणं, त्यात शरीरावरून किंवा वयावरून लैंगिक सुराचे शेरे, आणि नकारानंतर पाळी बदलणं, हे जुळलं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्याकडे जातं. पहिला नकार तोंडी दिला तरी त्याच दिवशी लेखी करा: "आज आपण सुचवलेल्या स्थळाबद्दल आभार. मला या विषयावर पुढे बोलायचं नाही." इतकंच; कारण दिलं की कारणाला उत्तर येतं. १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, बाहेरची एक सदस्य, आणि निम्म्या तरी महिला. नसेल तर, माणसं १० पेक्षा कमी असतील तर, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. तक्रारीच्या सहा प्रती लागतात. चौकशी ९० दिवसांत. तक्रारदाराचं, साक्षीदारांचं नाव बाहेर फोडायला कलम १६ ने मनाई आहे, म्हणजे समितीतल्या कोणी कँटीनमध्ये तोंड उघडलं तर तोही दंडाला पात्र.

पुरुष कर्मचाऱ्याला पॉश लागू नाही. त्याने स्थायी आदेश किंवा एचआरच्या तक्रार पद्धतीने जावं. भाचीचं स्थळ घेऊन मागे लागणारे साहेबही असतात.

मस्टरवाली

लग्न झालं आणि ऑफिसात गाजावाजा नको असेल त्यांच्यासाठी: पीएफचं नॉमिनेशन बदलावंच लागतं, लग्नाआधीचं रद्द ठरतं. ते पोर्टलवर आधारच्या ई-सहीने स्वतः करता येतं, कंपनीची मंजुरी लागत नाही. ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन मात्र कंपनीकडेच जातं. ते बंद पाकिटात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आडनाव बदलायची सक्ती कुठल्याही फॉर्ममध्ये नाही. बदललंत तर आधार, पॅन, बँक, पीएफ चारही एकाच स्पेलिंगमध्ये, नाहीतर पैसे अडकतात.

आजारपणाचं: रजेच्या दाखल्यावर "अमुक ते अमुक तारखेपर्यंत कामास अयोग्य" एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. डॉक्टरला तसंच लिहून मागा, आजाराचं नाव आपणहून घालायला सांगू नका. ग्रुप मेडिक्लेमची बिलं एचआरच्या ट्रेमध्ये उघडी पडलेली असतात. विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, पोर्टलवर थेट चढवता येतात का ते विचारा. कर वाचवायला घरच्याच्या दुर्धर आजाराची कागदपत्रं अकाउंट्सला द्यायची नसतील तर जुन्या करप्रणालीत ती वजावट रिटर्न भरताना स्वतः घेता येते. तोपर्यंत टीडीएस जास्त कापला जाईल, तो परताव्यात मिळतो. नोकरीच्या फॉर्मवर मासिक पाळीच्या तारखा, गर्भपात असले रकाने दिसले तर १९९१ सालचं नीरा माथूर विरुद्ध एलआयसी प्रकरण दाखवा. ते रकाने काढून टाका असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितलंय.

पंचवटीचे_काका

पासबुकाचं पटलं. ते कोणी आधी सांगत नाही हो. पण वॉचमनला हे वाक्य कोण शिकवणार? एजन्सी दर दोन महिन्यांनी माणूस बदलते.

तिसरी_पाळी

माणसाला शिकवू नका काका, फोनला शिकवा. वाक्य मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत छापून फोनच्या वर चिकटवायचं, खाली "निरोप इथे लिहा" आणि एक छोटी वही. चार्ज देताना नवीन माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यायचं. कागद केबिनच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर लावला की काका लोक रांगेत उभे असताना तो वाचतात आणि आत येईपर्यंत वेगळा प्रश्न तयार ठेवतात.

पंचवटीचे_काका

कळलं, कळलं. वाचणाऱ्यात आम्हीच असतो.